त्या मुलाचा डबा

"पण त्याला त्याचा डबा परत मिळाला का?"

बायबलमधल्या योहानाच्या सहाव्या अध्यायातली पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट नुकतीच वाचून झाली होती. पाच हजार माणसं पोटभर जेवली, उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या, आणि मी पवित्र शास्त्र मिटायच्या बेतात होते. धाकट्याला त्या बारा टोपल्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा जीव अडकला होता ज्याच्या भाकरी घेतल्या त्या मुलात. शास्त्रात डबा कुठेच नाही, पण जेवण घेऊन घराबाहेर पडलेल्या मुलाजवळ डबा असणारच, याबद्दल त्याच्या मनात तीळभर शंका नव्हती.

"परत कसा मिळेल? सगळ्यांनी खाल्लं की ते," थोरली म्हणाली. ती आठ वर्षांची आहे, त्यामुळे पाच वर्षांच्या भावाला सगळं समजावून सांगणं हे ती आपलं काम समजते.

"मग त्यानं घरी जाऊन आईला काय सांगितलं?"

यावर थोरलीकडेही उत्तर नव्हतं. ती गप्प झाली आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

ही घटना चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या जीवनाच्या चारही वृत्तांतांत आहे. पण मुलगा आहे तो फक्त योहानात. अंद्रिया हा शिष्य येशूला सांगतो की इथे एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या आहेत, आणि तिथून पुढे तो मुलगा गोष्टीतून नाहीसा होतो. त्याचं नाव नाही, तो काय म्हणाला ते नाही, घरी कधी पोहोचला ते नाही. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले आणि ती सांगायची वेळ आली तेव्हा तशीच सांगत आले. मला तो मुलगा दिसायचा, पण भाकरी त्याच्या हातातून शिष्यांच्या हातात जाईपर्यंतच. धाकट्याला तो गर्दी पांगल्यावरही तिथेच रिकाम्या हातांनी उभा दिसत होता.

त्या रात्री झोपायला उशीर झाला. बारा टोपल्या आणि बारा शिष्य, म्हणजे एकेकाला एकेक टोपली, असा हिशोब थोरलीने मांडला. मग मुलाला काय? खूप खल झाल्यावर ठरलं की पेत्राने आपली टोपली त्याला द्यावी, कारण पेत्राला स्वतःला मासे पकडता येतात, त्याचं काही अडत नाही. पेत्राच्या टोपलीची अशी वाटणी झाल्यावर धाकटा निवांत झाला. पण तेवढ्यात पप्पांनी मत्तयाचं शुभवर्तमान उघडलं आणि वाचून दाखवलं की स्त्रिया आणि मुलं सोडून जेवणारे पुरुष सुमारे ५,००० होते. आता थोरली उठून बसली.

"म्हणजे मुलांना मोजलंच नाही?"

पप्पांनी समजावलं की मोजलं नसलं तरी जेवायला सगळ्यांना मिळालं, येशूने कुणालाही उपाशी पाठवलं नाही. तिने बराच वेळ विचार केला. "जेवायला दिलं ना, मग ठीक आहे," ती म्हणाली. "पण मोजायला हवं होतं."

मुलांना शास्त्र वाचून दाखवायला लागल्यापासून मला हे सतत दिसत आलंय. आपण मोठी माणसं गोष्टीच्या मधोमध उभी असतो, जिथे चमत्कार घडतो, जिथे बोध असतो. मुलं कडेला उभी असतात. तिथून त्यांना गोष्टीत राहून गेलेली, मागे पडलेली, कुणी विचारपूस न केलेली माणसं दिसतात. दाविदाने ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे उचलले आणि लागला एकच, तर उरलेले चार त्याने परत ओढ्यात टाकले की घरी नेले? सहा हात एक वीत उंचीच्या गल्याथाला त्याची आई लहानपणी कडेवर कशी घ्यायची? देवदूतांचं ऐकून मेंढपाळ लगबगीने बेथलेहेमला गेले, तर मग रात्रभर मेंढरांकडे कोण बघत होतं? हे प्रश्न गंमत म्हणून विचारलेले नसतात. त्यामागे खरी काळजी असते. गोष्ट संपताना कुणीतरी बाहेर राहिलंय, आणि ते आत आलं की नाही हे कळल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही.

हन्नाची गोष्ट वाचली तेव्हा काळजी थोरलीला लागली. नवस करून मिळवलेला शमुवेल हन्नाने मंदिरात एली याजकाकडे ठेवला, आणि दर वर्षी यज्ञासाठी जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. पहिल्या शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात हे एका ओळीत येतं आणि पुढे जातं. थोरली तिथेच थांबली. "तिला माप कसं कळायचं?" तिने विचारलं. तिची स्वतःची उंची आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करून मोजतो, म्हणून तिला ही अडचण चटकन कळली. मुलगा समोर नाही, वर्षभर पाहिलेला नाही, आणि कापड तर आज बेतायचंय. मी तिला म्हटलं, गेल्या वर्षीचं माप आठवून त्यात थोडं वाढवत असेल. "आणि तो जास्त वाढला असेल तर?" मग आखूड होत असेल, मी म्हटलं. ती म्हणाली, "मग ती रडत असेल." मी पुढे वाचू शकले नाही, पुढचा भाग पप्पांनी वाचला. हन्नाला नंतर तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या असं तिथे पुढे आहे. त्यावरही चौकशी झालीच की त्या पाच जणांना आपला मोठा भाऊ ओळखू यायचा का.

योनाचं पुस्तक आमच्याकडे धाकट्याच्या मालकीचं आहे. माशाच्या पोटातले तीन दिवस आणि तीन रात्री तो दिवाणाखाली शिरून साग्रसंगीत करून दाखवतो आणि शेवटी "ओऽऽ" करून स्वतःच स्वतःला ओकतो. पण मासा हा मधला भाग. पुस्तकाचा शेवट वेगळाच आहे. निनवे शहर पश्चात्ताप करतं, देव त्याचा नाश करत नाही, आणि योना रुसून शहराबाहेर जाऊन बसतो. तेव्हा देव त्याला विचारतो की ज्यांना उजव्या-डाव्या हाताचा भेद कळत नाही अशी १,२०,००० हून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं ज्या शहरात आहेत, त्या शहराची मी पर्वा करू नये काय? या प्रश्नावर पुस्तक थांबतं. योनाचं उत्तर दिलेलंच नाही.

आता धाकट्याच्या बुटांबद्दल सांगायला हवं. रविवारी सकाळी चर्चला निघताना आमच्याकडे जी धांदल उडते तिच्या केंद्रस्थानी कायम हेच बूट असतात. तो ते स्वतःच घालतो, कुणाला हात लावू देत नाही, आणि उजवा डाव्यात, डावा उजव्यात घालून दारात उभा राहतो. दोन्ही बुटांची टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली असतात, चेहऱ्यावर मोठा पराक्रम केल्याचा भाव असतो. बहीण रोज सांगते, "उलटे घातलेस." तो रोज खाली बघतो आणि मनापासून शोधतो की उलटं नेमकं काय आहे.

योनाचा तो शेवटचा प्रश्न त्याने ऐकला तेव्हा तो मांडीवर होता. त्याने वर बघून विचारलं, "मला पण कळत नाही ना उजवं-डावं?" मी म्हटलं, अजून नाही कळत. "म्हणजे देव माझ्याबद्दल बोलला?" मी म्हटलं, हो, तुझ्यासारख्यांबद्दलच बोलला. तो उतरला, आत जाऊन बहिणीला हाक मारून सांगितलं, "माझं नाव आहे शास्त्रात!" आणि मग थोडं थांबून, "आणि गाईंचं पण."

सगळ्याच गोष्टी इतक्या प्रेमळ ठिकाणी थांबत नाहीत. जलप्रलयातून तरलेलं नोहाचं तारू चित्रांच्या पुस्तकात रंगीत असतं, खिडकीतून जिराफाची मान बाहेर आलेली असते. थोरलीने एकदा विचारलं, तारवात जी मुलं नव्हती त्यांचं काय झालं? मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं की ती वाचली नाहीत, आणि मलाही त्यांचं वाईट वाटतं. गोडगोड काहीतरी सांगून वेळ मारून नेणं सोपं होतं. पण ज्या देवावर तिने आयुष्यभर विश्वास ठेवावा अशी माझी इच्छा आहे, त्याच्याबद्दलचा तिचा पहिला अवघड प्रश्न मला उडवून लावायचा नव्हता. आम्ही पुढे मेघधनुष्यापर्यंत वाचलं. तिचा प्रश्न तिच्याजवळ राहिला आणि माझ्याजवळही आहे.

प्रार्थनेच्या बाबतीत दोघांच्या तऱ्हा अगदी वेगळ्या. थोरली नीटनेटकी प्रार्थना करते: आधी उपकारस्तुती, मग मागणी, मग आमेन. धाकट्याची प्रार्थना म्हणजे कुणी राहून गेलं नाही ना याची पाहणी असते. आई, पप्पा, ताई, आजी-आजोबा, वर्गातली मुलं, वर्गात येणं बंद झालेला एक मुलगा, चर्चमधल्या काठी घेऊन चालणाऱ्या काकू, पायाखाली आलेली मुंगी, मुंगीचे घरचे. झोप लांबवायचा हा उत्तम मार्ग आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, पण म्हणून ती यादी खोटी होत नाही. डोळे घट्ट मिटलेले असतात, कपाळाला आठ्या पडलेल्या असतात, आणि एखादं नाव आठवेना की तो "थांब हं देवबापा" म्हणून चक्क देवाला थांबवतो.

एका दिवशी शाळेत एका मुलाने त्याला ढकललं. कोपर चांगलंच सोललं होतं. रात्री यादीत त्या मुलाचं नाव येणार की नाही, याकडे आम्हा सगळ्यांचं लक्ष होतं. नाव आलं, अगदी शेवटी. "देवबापा, तू त्याला माफ कर. मी उद्या करीन."

क्षमेवरचे बरेच संदेश मी ऐकलेत. इतका प्रामाणिक क्वचितच ऐकला असेल. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्याला कुणी काही विचारलं नाही. रात्री त्याने आपणहून सांगितलं, "केलं." लगेच पुढचं नाव.

प्रभूची प्रार्थना त्याने ऐकून ऐकून पाठ केली आहे. "आमची ऋणे आम्हांस सोड" इथे तो मोठ्या उत्साहाने "आमची हरणे आम्हांस सोड" म्हणतो, हे खूप दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण चर्चमध्ये सगळे एकसुरात म्हणत असताना एक हरिण सहज लपून जातं. कळलं ते त्याच्या चित्रावरून. डोंगर, सूर्य, मोठी फाटकं, आणि फाटकातून धावत सुटलेली हरणं. फाटकाशी एक उंच माणूस, हसत उभा. हा कोण, विचारलं तर म्हणाला, "स्वर्गातला पिता. मी सांगितलं ना त्याला सोडायला." आजीचं म्हणणं पडलं की चूक वेळीच सुधारावी, नाहीतर जन्मभर जीभ तीच वळण घेईल. पप्पा म्हणाले, मोठा झाला की कळेल. मला ते चित्र इतकं आवडलं की मी ते कपाटाच्या दारावर आतून लावलं. ऋणातून सुटल्यावर माणसाला कसं वाटत असेल, तर असंच, उघड्या फाटकातून पळत सुटल्यासारखं.

थोरलीचं भांडण त्याच प्रार्थनेतल्या पुढच्या ओळीशी होतं. सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्री तिने "आम्हांस परीक्षेत आणू नको" हे इतक्या तळमळीने म्हटलं की पप्पांना खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं. सकाळी शाळेत जाताना ती जरा नाराज होती. तिला बसवून सांगितलं की ही परीक्षा ती नव्हे. मोहात पडायची वेळ येते, खोटं बोलून सुटावंसं वाटतं, तेव्हा देवाने सांभाळावं म्हणून आपण हे मागतो. पेपर देऊन आल्यावर तिने सांगितलं की शेजारच्या मुलीची वही उघडी दिसत होती आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघत बसली. "मग दोन्ही परीक्षा एकदमच झाल्या," ती म्हणाली.

फोनचा एक किस्सा आहे. प्रार्थना संपवायची ती "येशूच्या नावाने मागतो, आमेन" असं म्हणून, हे धाकट्याच्या अंगी इतकं मुरलंय की आजोबांशी फोनवर बोलून झालं की तो फोनही तसाच ठेवायचा. खेळणं हवंय, पडलो, दात हलतोय, येशूच्या नावाने मागतो, आमेन. पलीकडून आजोबाही न हसता "आमेन" म्हणायचे.

अर्पणाच्या वेळी मुलांच्या हातात आम्ही नाणं देतो. थैली रांगेतून फिरत येते, धाकटा उभा राहून त्यात हात घालतो आणि हात बराच वेळ आतच ठेवतो, नाणं तळाला पोहोचेपर्यंत. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन अगदी लहान नाण्यांचा धडा संडे स्कूलमध्ये झाला त्या दिवशी मात्र त्याने नाण्याबरोबर आणखी काही टाकलं. उपासना संपल्यावर खजिनदार काकांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर नोटांची चळत, नाण्यांचे ढीग आणि मधोमध एक गोटी होती, आत हिरवी पाकळी असलेली, त्याची सर्वात लाडकी. उशीखाली ठेवून झोपायचा तो ती. काकांनी प्रेमाने ती त्याच्यापुढे धरली. तो दोन पावलं मागे सरकला. "ती देवाला दिली," तो म्हणाला. आता परत कशी घ्यायची? त्या बाईने दिलेले टोले येशूने परत केले का? नाही केले. मार्काच्या बाराव्या अध्यायात तर येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो की हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलंय. काका क्षणभर गोटीकडे बघत राहिले. मग त्यांनी हिशोबाची वही उघडली, त्या रविवारच्या रकमेखाली "गोटी, एक" असं लिहिलं आणि ती टेबलाच्या खणात ठेवली. त्यांच्याइतकी समजूत सगळ्यांपाशी असती तर मुलांचं कितीतरी सोपं झालं असतं.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या वेळी मुलं आमच्या शेजारी बसून राहतात, त्यांना भाकर आणि प्याला मिळत नाही. "येशू म्हणाला ना, लेकरांना माझ्याकडे येऊ द्या, मग?" हा थोरलीचा सवाल. मंडळ्यांमंडळ्यांत याबद्दल वेगवेगळी रीत आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्यानंतर प्रभुभोजन देतात. रोमन कॅथलिक मंडळीत १९१० साली पोप दहावे पायस यांनी हे वय साधारण सात वर्षांवर आणलं, त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबावं लागायचं. आमच्याकडे मूल विश्वासाचा स्वीकार स्वतःच्या तोंडाने करीपर्यंत थांबतात. मी तिला हे सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं की तोवर येशूला वाट बघायला लावायची का. आता दर महिन्याला प्याला तिच्यासमोरून पुढे जातो तेव्हा पाळक क्षणभर थांबून दोघांच्या डोक्यावर हात ठेवतात. तो हात चुकू नये म्हणून धाकटा आधीपासूनच केस नीट करून, मान वाकवून बसतो.

नाताळच्या नाटिकेत थोरली मरीया झाली आणि बाळ म्हणून तिचीच बाहुली न्यायची ठरली. बाहुली जुनी होती. एक हात खांद्यात सैल झालेला, तिथल्या शिवणीतून कापूस डोकावणारा, आणि आडवं केलं की मिटणाऱ्या डोळ्यांपैकी एकच डोळा मिटायचा. आदल्या रात्री आम्ही दोघींनी बसून तो खांदा पांढऱ्या दोऱ्याने शिवला. धाकटा त्या नाटिकेत मेंढरू होता. मेंढपाळ बाळाला बघायला जातील आणि मेंढरं रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात बसून राहतील, असं बसवलं होतं. डावा कोपरा कुठला हा प्रश्न होताच, पण खरी अडचण ती नव्हती. मेंढपाळ निघाले तसं एक मेंढरूही रांगत त्यांच्यामागे निघालं. संडे स्कूलच्या ताईंनी विंगेतून हात केले, "मागे फिर!" मेंढरू थांबलं, तोंड वर करून स्पष्ट आवाजात म्हणालं, "मला पण बाळ बघायचंय," आणि गव्हाणीपर्यंत गेलं. तिथे बाहुलीचा उघडा राहिलेला डोळा त्याने बोटाने हळूच मिटवला. लोक हसले, नंतर त्यांनी टाळ्या वाजवल्या. मरीयेने आपल्या भावाकडे रागाने बघितलं आणि मग सरकून त्याला गव्हाणीजवळ जागा करून दिली.

अवघड भाग घरी आल्यावर सुरू झाला. बाहुली आता नुसती बाहुली राहिली नव्हती. थोरलीने ती फळीवर उंच ठेवली, तिच्याशी खेळेना, तिला रागावेना, अंघोळ घालेना. काही विचारलं तर म्हणायची, "ती येशूबाळ झाली होती." कित्येक दिवस बाहुली त्या फळीवरून एक डोळा उघडा ठेवून आमच्याकडे बघत होती. मी मध्ये पडले नाही. काय बोलायला हवं हे मला नक्की कळत नव्हतं, आणि तिच्या मनातला तो आदर मला दुखवायचा नव्हता. शेवटी एका दुपारी धाकट्याने खुर्ची ओढली, चढला आणि बाहुली खाली आणली. थोरली किंचाळली. तो शांतपणे म्हणाला, "त्याला कंटाळा आला असेल वर. येशूबाळ पण खेळायचं." सनातन शब्द देही झाला, म्हणजे देव माणूस झाला, आणि आमच्यामध्ये राहिला, हे मला कुणी असं समजावून सांगितलं असतं तर मी वहीत लिहून घेतलं असतं. थोरलीने बाहुली घेतली, धूळ झटकली, आणि संध्याकाळी ती दोघांच्या मध्ये जेवायला बसली होती.

मागच्या वर्षी माझी आई गेली. दफनविधीनंतर घरी माणसं भेटायला येत होती. माझे वडील खुर्चीत बसून रडत होते आणि येणारा प्रत्येक जण त्यांना तेच सांगत होता: रडू नका, ती प्रभूजवळ गेली आहे, आपल्याला आशा आहे. सगळे प्रेमानेच सांगत होते. धाकटा आजोबांच्या गुडघ्याला टेकून उभा होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "रडू दे त्यांना. येशू पण रडला होता."

संडे स्कूलमध्ये वचन पाठ करून म्हणायचं असतं तेव्हा तो कायम योहान ११:३५ म्हणतो, "येशू रडला." सगळ्यात छोटं वचन आहे, आणि बक्षिसाचा स्टिकर मोठ्या वचनाइतकाच मिळतो. पण त्याच्या आधी घरी त्यावर सविस्तर चर्चा झालेली होती. मेलेल्या लाजराला तर येशू उठवणारच होता, मग रडला कशाला, असं त्याने विचारलं होतं, आणि थोरलीने उत्तर दिलं होतं, "मरीया रडत होती ना, म्हणून." शास्त्रात तसंच आहे, लाजराच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तो व्याकूळ झाला. दोघांनी मिळून उलगडलेलं ते वचन त्या दिवशी धाकट्याने आजोबांना दिलं. वडिलांनी त्याला मांडीवर घेतलं आणि मनसोक्त रडले. आता फोन ठेवताना "येशूच्या नावाने मागतो, आमेन" आधी तेच म्हणतात.

आजी स्वर्गात गेली हे धाकट्याने मान्य केलं, पण तिथे तिच्या ओळखीचं कोण आहे, ही काळजी सुरू झाली. मला तेव्हा सोळाव्या शतकातले जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांचं एक पत्र आठवलं. १५३० साली ऑग्सबुर्गला सम्राटापुढे सभा चालू होती. ल्यूथर यांच्यावर साम्राज्याची बंदी असल्याने त्यांना तिथे जाता येत नव्हतं, ते कोबुर्गच्या किल्ल्यात थांबले होते. त्या सगळ्या ताणात त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला, हान्सला, पत्र लिहिलं. एक सुंदर बाग आहे, तिथे मुलं झाडांखाली सफरचंदं वेचतात, सोन्याचे लगाम आणि चांदीचं खोगीर असलेल्या छोट्या घोड्यांवर बसतात. बागेच्या मालकाला मी विचारलं, माझ्या हान्सला येता येईल का? प्रार्थना करत असेल, शिकत असेल, चांगला वागत असेल तर येईल, मालक म्हणाला, आणि त्याचे मित्र लिप्पस आणि योस्ट यांनाही घेऊन येऊ दे. पत्र इथे थांबत नाही. हान्सची लेना म्हणून एक नात्यातली आजी, म्हणजे त्याच्या आईची आत्या आहे, तिलाही आणता येईल का, हेही ते मालकाला विचारून घेतात. एवढे मोठे धर्मपंडित, पण मूल काय विचारणार हे त्यांना बापाच्या नात्याने ठाऊक होतं. बाग कितीही छान असली तरी हान्स एकटा जायचा नाही.

मी धाकट्याला हे सांगितलं. त्याने घोड्यांबद्दल बारकाईने माहिती घेतली. मग म्हणाला, आजीला घोड्याची भीती वाटेल, तिला खुर्ची द्यायला सांग. रात्री यादीत खुर्ची आली.

सध्या आम्ही लूकचा पंधरावा अध्याय वाचतोय. हरवलेलं मेंढरू सापडलं, हरवलेलं नाणं सापडलं, उधळ्या धाकटा मुलगा घरी आला, बापाने धावत जाऊन त्याला मिठी मारली, मेजवानी सुरू झाली. थोरला भाऊ मात्र रागावून बाहेर अंगणात उभा आहे. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि तिथे दृष्टांत संपतो.

"मग तो आत आला का?" दोघांनी एकदमच विचारलं.

मी सांगितलं की येशूने ते सांगितलेलं नाही. हे त्यांना अजिबात पटलं नाही. बाहेर अंधार पडला असेल, तो जेवला नसेल. धाकट्याने सुचवलं की बापाने त्याला उचलून आत आणावं. थोरली म्हणाली, तो मोठा आहे, उचलता येणार नाही, आणि उचलून आणलं तर तो आणखी चिडेल. मग गाणं मोठ्याने लावावं. मग ताट बाहेर न्यावं. बराच वेळ तिने विचार केला.

"त्या लहान भावाला पाठवायचं ना बाहेर," ती म्हणाली. "त्याच्यामुळेच तर झालंय सगळं."

"मी का जाऊ?" धाकटा ताडकन म्हणाला.